सर्व्हर रूमचं कूलिंग: गणित चोख, पण आकडा आला कुठून?

डिपार्टमेंटच्या सर्व्हर रूमला किती टनांचा एसी लागेल, असा प्रश्न निघाला की अनेकदा नील रासमुसन यांचा तक्ता पुढे येतो. एपीसी या यूपीएस बनवणाऱ्या कंपनीच्या २५ क्रमांकाच्या व्हाइट पेपरमधला.

आधी त्यातलं चांगलं. यूपीएसची उष्णता तो दोन भागांत मांडतो: क्षमतेच्या ४ टक्के, अधिक प्रत्यक्ष लोडच्या ५ टक्के. म्हणजे लोड शून्य असला तरी यूपीएस तापतोच, हे एका ओळीत आलं. मॉडेल असंच हवं, छोटं आणि भौतिकशास्त्राला धरून.

उदाहरण घेऊ. आयटी लोड ८००० वॅट, वीजव्यवस्था १० किलोवॅटची, खोली २० चौरस मीटर, माणसं २. यूपीएसचे ८०० वॅट, वितरणाचे २६०, दिव्यांचे ४३०, माणसांचे २००. बेरीज ९६९०; ३५१७ ने भागा, साधारण २.७५ टन.

आता गंमत बघा. २ ऐवजी ४ माणसं आली तर फरक २०० वॅटचा. पण आयटी लोड ३० टक्क्यांनी चुकला तर यूपीएस आणि वितरणासह सुमारे २५७० वॅट, जवळजवळ पाऊण टन! सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात ते हेच, पाच मिनिटांत होतं. तक्ता मात्र दिव्यांना २१.५३ असा दोन दशांश स्थळांचा गुणक देतो (मुळात तो चौरस फुटाला २ वॅट असा ठोकळ अंदाज, एकक बदललं आणि अचूक दिसायला लागला), आणि आयटी लोडपुढे एकच रिकामी चौकट.

तिथे लोक सर्व्हरच्या मागची पाटी वाचून आकडा भरतात. ७५० वॅटचे दोन पॉवर सप्लाय दिसले की १५००. पण दुसरा बहुधा पहिला बंद पडला तर म्हणून असतो, आणि पाटीवर कमाल क्षमता असते, वापर नाही. त्यापेक्षा यूपीएसच्या डिस्प्लेवरचं आउटपुट आठवडाभर टिपा. किलोवॅट, केव्हीए नव्हे. मोठा जॉब चालू असतानाचंही.

दुसरी अडचण उन्हाची. भिंती-छतातून येणारी उष्णता बेरजेत धरलेली नाही. लेखक तसं सांगतो, पण तक्ता कॉपी होताना ते वाक्य मागेच राहतं. अकोल्यात गच्चीखालच्या खोलीला मे महिन्यात हे गृहीतक लावून बघा. शिवाय एसीवरचे टन साधारणपणे बाहेर ३५ अंश धरून मोजलेले असतात. ४५ ला तेवढे मिळत नाहीत.