वॉर्सा : पुनर्रचना आणि विस्मरण

परदेशच्या राजधानीविषयी लिहिताना डोळ्यांना दिसले तेवढेच सांगावे, की जे नाहीसे झाले त्याचाही शोध घ्यावा, हा प्रवासवाङ्मयापुढील मूलभूत प्रश्न होय. पोलंडची राजधानी वॉर्सा या बाबतीत लेखकाची कसोटी पाहते.

तेथील जुन्या नगराच्या चौकात उभे राहिले असता काळ थांबल्याचा भास होतो. वस्तुतः त्या चौकातील घरे १९५३ च्या सुमारास उभी राहिली. १९४४ चा उठाव मोडल्यावर जर्मन सैन्याने हे शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. पुढे युद्धापूर्वीची मोजमापे आणि अठराव्या शतकातील चित्रकार बेल्लोत्तो याची नगरचित्रे यांच्या आधारे त्याची पुनर्रचना झाली. या वास्तूंना नकली म्हणणे अरसिकपणाचे ठरेल. ज्या लोकांचे स्वतंत्र राज्य १७९५ पासून १९१८ पर्यंत अस्तित्वातच नव्हते, त्यांनी आपली राजधानी पुन्हा पुसली जाऊ दिली नाही, हा त्यांचा अर्थ आहे.

परंतु जवळच मुरानूव्ह ही वसाहत आहे. नाझींनी ज्यूंना जेथे कोंडले होते, त्या वस्तीच्या ढिगाऱ्यावर, तिच्याच विटांचा चुरा वापरून ती बांधली गेली. तेथील जुन्या गल्ल्या कोणी पुन्हा उभारल्या नाहीत. ज्यांनी तसा आग्रह धरला असता, त्यांतील बहुतेकांची हत्या झाली होती. १९४८ चे स्मारक त्यांची साक्ष देते.

चौकाचे कौतुक करून मुरानूव्हकडे न वळणारा लेखक रमणीय गद्य लिहील. पोलंडचा भूतकाळ मात्र त्याला अर्धाच कळलेला असेल.