झाकलेलं कोंबडं

माझा भाचा कॉलेजात आहे आणि मी बँकेत आहे. यांतलं एक जरी टळलं असतं तरी मी सुखी असतो. परवा चिरंजीव आले.

"मामा, लघुपटाची स्पर्धा आहे. ४८ तासांत फिल्म करायची. २५,००० लागतील."

"कशाला?"

"ड्रोनला. सुरुवातीला गाव वरून दिसलं पाहिजे."

"आणि गोष्ट?"

"ती बसवू हो नंतर!"

कर्जखात्यात अशी प्रकरणं मी रोज पाहतो. गोठा बांधून तयार, म्हशीचा पत्ता नाही. पण हा पडला बहिणीचा मुलगा. अर्ज फेटाळता येईना. तेव्हा त्याला शेजारी बसवून 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टु नो' ही कन्नड फिल्म दाखवली.

चिदानंद नाईक हे मूळचे म्हैसूरचे डॉक्टर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये टेलिव्हिजनच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला असताना त्यांनी ही केली. शूटिंगचे दिवस ४, लांबी १६ मिनिटं. २०२४ साली कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागाकडे ५५५ शाळांमधून २,२६३ फिल्म्स आल्या, १८ निवडल्या गेल्या आणि पहिलं बक्षीस हिला मिळालं : १५,००० युरो. (त्याचे रुपये किती, हे मी भाच्याला सांगितलं नाही. दोन ड्रोन मागितले असते.)

गोष्ट लोककथेतली. एक म्हातारी गावचा कोंबडा चोरते आणि गावात सूर्यच उगवायचा थांबतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपल्या आज्या शपथेवर सांगत आल्या. इथे साक्षात राहतं! आमची म्हण उलटी टांगलेली पाहून मी पहिल्याच मिनिटाला खूश झालो.

आणि मग माझ्यातला कारकून जागा झाला. सूर्यच नाही म्हणजे गोष्टभर रात्र. रात्री जेवढ्यावर दिवा टाकाल तेवढंच गाव. बाकीचं गाव, विजेचे खांब, मोबाइलचे मनोरे, सगळं अंधाराच्या खाती जमा. दिव्याला भाडं असतं, अंधाराला नसतं. पण ही नुसती काटकसर असती तर मी तिला व्हाउचरवर सही करून सोडून दिली असती. इथे जे परवडत नाही तेच गोष्टीतून चोरीला गेलेलं आहे. अंधार पडद्यावर गरिबीसारखा दिसत नाही, संकटासारखा दिसतो.

एक तक्रार मात्र आहे. कोंबडा परत यावा म्हणून भाकीत निघतं, म्हातारीच्या कुटुंबाला गाव सोडावं लागतं. १६ मिनिटांत एवढं म्हणजे एक तारखेच्या काउंटरसारखी गर्दी होते. मला ती म्हातारी आणखी हवी होती.

ही युक्ती तशी आपल्या घरचीच. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि भांडवलवाल्याला पटवण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली. वाटाण्याइतका स्वस्त नट पुढे कुणाला मिळाला नाही. चहासुद्धा मागत नाही.

भाचा गप्प बसून होता. दोन दिवसांनी नवी गोष्ट घेऊन आला. बँकेत सर्व्हर बंद पडलाय. दिवसभर कुणाचंच काही होत नाही.

"खर्च शून्य, मामा. तुम्ही फक्त नेहमीसारखं बसायचं."

मानधनाचा रकाना त्यानं कोरा सोडलाय. रविवारी शूटिंग आहे. हिनं माझा शर्ट इस्त्रीला टाकलाय.