चकव्याची वाट : हॅलोविनच्या हंगामातील भयखेळ आणि मराठी भयपरंपरा

बीजशब्द : भयानक रस, व्हिडिओ गेम, हॅलोविन, चकवा, नवनाथ भक्तिसार, अंधश्रद्धा

प्रस्तावना

ऑक्टोबर महिना संपत आला की व्हिडिओ गेमच्या जगात भयाचा हंगाम सुरू होतो. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन ही १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या ख्रिस्ती सणाची पूर्वसंध्या होय. २ नोव्हेंबरला कॅथलिक परंपरेत सर्व मृतात्म्यांचे स्मरण केले जाते. आज मात्र या दिवसांच्या धार्मिक आशयापेक्षा भोपळ्याचे दिवे, पडके वाडे आणि धुके यांचाच प्रसार अधिक झालेला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’, ‘ओव्हरवॉच’ यांसारखे मुळात भयप्रधान नसलेले खेळही या काळात भुताखेतांचा साज चढवितात. दिवे मालवून भयप्रधान खेळ खेळण्याची प्रथा अनेक देशांतील तरुणांत रूढ झाली आहे. इंटरनेटमुळे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही हे खेळ अपरिचित राहिलेले नाहीत.

भय निर्माण करणे हेच ज्याचे मुख्य प्रयोजन आहे अशा व्हिडिओ गेमसाठी प्रस्तुत लेखात ‘भयखेळ’ ही संज्ञा वापरली आहे. अशा खेळांविषयी सुशिक्षित मराठी समाजातून सामान्यतः दोन आक्षेप घेतले जातात. हे परक्या संस्कृतीचे अंधानुकरण आहे, हा पहिला. आणि भुताखेतांच्या कल्पनांना खतपाणी घालून हे खेळ अंधश्रद्धा वाढवितात, हा दुसरा. हे दोन्ही आक्षेप भयखेळाच्या रचनेकडे न पाहता घेतलेले आहेत. ती रचना तपासली असता, उत्तम भयखेळ हा मराठी लोककथेतील चकव्याच्या फार जवळचा आहे, आणि त्यातील भय हे श्रद्धेची मागणी करणारे भय नाही, असे दिसून येते.

भय आणि भयानक रस

भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांपैकी भयानक हा एक आहे. भय हा त्याचा स्थायीभाव, काळा हा त्याचा वर्ण आणि काल ही त्याची देवता. त्याच्या विभावांची भरताने दिलेली यादी आजच्या वाचकाला चकित करणारी आहे. विकृत आवाज, भुतांचे दर्शन, कोल्हे व घुबडे यांचे ओरडणे, ओस पडलेले घर आणि अरण्य असे हे विभाव आहेत. आजचा कोणताही भयखेळ घेतला तरी त्याची सामग्री या यादीबाहेर फारशी जात नाही.

परंतु सामग्रीने रस सिद्ध होत नाही. अभिनवगुप्ताने भयानक रसाचे स्वरूप स्पष्ट करताना ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. प्रेक्षकाच्या मनातील ते भय ‘मी भ्यालो’ असेही नसते आणि ‘तो भ्याला’ असेही नसते. व्यक्ती, स्थळ व काळ यांच्या मर्यादा गळून पडलेले ते साधारण भय असते. म्हणूनच ते आस्वाद्य होते.

येथे भयखेळाच्या संदर्भात एक अडचण उभी राहते. नाटकाचा प्रेक्षक स्वस्थ बसलेला असतो. खेळाडूला मात्र स्वतः पाऊल उचलून दार उघडावे लागते. भयाचा आश्रय खेळाडू स्वतःच झाला तर साधारणीकरण कसे होणार? या प्रश्नाचे उत्तर खेळागणिक वेगळे आहे. अनेक हंगामी भयखेळ अंधारातून अकस्मात चेहरा पुढे आणून व मोठा आवाज करून खेळाडूला दचकवितात. हे दचकणे शारीरिक प्रतिक्रियेपुरते असते. दुसऱ्या खेपेस ते उरतही नाही. त्यास भय म्हणता येईल, भयानक रस म्हणता येणार नाही. याउलट काही खेळांत पडद्यावर काहीही घडत नसताना भय दाटत जाते. समीक्षेने दखल घ्यावी ती अशा खेळांची.

वातावरण हीच रचना

१९९६ मध्ये जपानमधील कॅपकॉम कंपनीने काढलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या खेळात एका ओसाड वाड्यात वावरावे लागते. खोली बदलताना पडद्यावर फक्त एक दार सावकाश उघडताना दिसते. पुढील खोलीची माहिती यंत्रात भरली जाण्यास लागणारा वेळ झाकण्यासाठी ही योजना होती. पण दारापलीकडे काय असेल याची धास्ती त्या काही क्षणांनी निर्माण केली. १९९९ मधील ‘सायलेंट हिल’ या खेळातील धुक्याचीही हीच कथा आहे. दूरचे दृश्य रेखाटण्याची प्लेस्टेशन यंत्राची क्षमता मर्यादित असल्याने ते दृश्य धुक्याने झाकले गेले, आणि ते धुकेच त्या खेळाची ओळख बनले. यंत्राची उणीव येथे विभाव झाली.

२०१० मधील ‘ॲम्नेशिया : द डार्क डिसेंट’ या स्वीडिश खेळाने आणखी एक पाऊल टाकले. यात खेळाडूच्या हाती शस्त्रच नाही. राक्षसापासून लपायचे तर अंधाराचा आश्रय घ्यावा लागतो. आणि अंधारात फार काळ राहिल्यास नायकाचे मानसिक संतुलन ढळू लागते. कंदिलातील तेलही मोजकेच असते. उजेड आणि अंधार दोन्ही धोक्याचे, अशा कोंडीत खेळाडूला ठेवणे ही या खेळाची खरी रचना आहे. पराक्रमाला येथे वाव नसतो. सावधपणा आणि धीर यांनाच असतो.

पोथीतील भय आणि ‘राजी’

मराठी परंपरेत भयाची दोन रूपे आढळतात. पहिले रूप पोथीचे आहे. शके १७४१ मध्ये (इ. स. १८१९) मालू नरहरी यांनी रचलेली ‘नवनाथ भक्तिसार’ ही चाळीस अध्यायांची पोथी नाथपंथाचा वारसा लाभलेल्या या जिल्ह्यात भक्तिभावाने वाचली जाते. कानिफनाथांची समाधी पाथर्डी तालुक्यातील मढी येथे आहे. या पोथीत वेताळ व भुते यांचे प्रसंग विपुल आहेत. मात्र तेथे भूत येते ते पराभूत होण्यासाठीच. मच्छिंद्रनाथांपुढे वेताळही अखेर शरण येतो. श्रोत्याच्या मनात क्षणभर उमटलेले भय मंत्र व अस्त्र यांच्या सामर्थ्याने शमते आणि अद्भुत व वीर हे रस पुढे येतात.

पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ याच परंपरेत बसतो. महाराष्ट्रात घडलेल्या व जगभर पोहोचलेल्या खेळांत तो महत्त्वाचा होय. सर्कशीत कसरती करणारी राजी ही मुलगी महाबलासुराने पळविलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा व विष्णू तिची कथा सांगत राहतात. कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपाने येतात. ओस पडलेले किल्ले, भिंतींवरील देवदेवतांची चित्रे आणि मावळतीचा प्रकाश यांमुळे त्याचे वातावरण मनात रेंगाळते. दृश्यकलेच्या दृष्टीने त्याची गुणवत्ता निर्विवाद आहे.

तथापि भयाच्या दृष्टीने पाहता या खेळाची मर्यादाही लक्षात येते. पळविलेली लहान मुले आणि त्यांच्या शोधात एकटी फिरणारी मुलगी हा प्रसंग मूलतः भयाचा आहे. पण देवीचे त्रिशूळ लवकरच राजीच्या हाती येते आणि भयाची जागा युद्ध घेते. देव पाठीशी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अंधाराचे भय किती वाटणार? शिवाय खेळाचा भूप्रदेश राजस्थानी वास्तूंवर आणि चित्रशैली पहाडी लघुचित्रांवर बेतलेली आहे. पुण्यात घडलेल्या खेळात दख्खनचे रान, लेणी व गढ्या मात्र आढळत नाहीत. कलावंताला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य असतेच. तरीही जवळचा प्रदेश कल्पनेच्या कक्षेबाहेर का राहतो, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे.

लोककथेतील भय : चकवा

मराठी भयाचे दुसरे रूप मौखिक आहे. लोककथेतील प्रत्येक भुताला स्थळ, काळ आणि नियम असतात. मुंजा पिंपळावर राहतो. वेताळाची पालखी अमावास्येच्या रात्री निघते. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथांनी भयाला मराठी साहित्यात हक्काचे स्थान मिळवून दिले. २०१८ च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटातही हस्तरपासून बचाव करणारे पिठाचे रिंगण हा नियमच भयाचा कणा आहे. नियम पाळला तर सुटका, चुकला तर विनाश. या अर्थाने लोककथेतील भूत आधीपासूनच खेळाच्या रूपात बांधलेले आहे.

यांतील सर्वांत सूक्ष्म कल्पना चकव्याची होय. रात्री ओळखीच्या रानातून घरी निघालेला माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच झाडापाशी, त्याच विहिरीपाशी येतो. त्याला कोणी मारीत नाही, कोणी दिसतही नाही. ओळखीची वाटच परकी होते. तेथे शस्त्राचा उपयोग नसतो. थांबणे आणि उजाडण्याची वाट पाहणे एवढेच हाती असते.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘पी. टी.’ हा हिदेओ कोजिमा यांचा छोटा खेळ या कथेशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. घरातील एक काटकोनात वळणारा बोळ, एवढेच त्याचे जग. बोळाच्या टोकाचे दार उघडले की खेळाडू पुन्हा त्याच बोळात येतो. मात्र प्रत्येक फेरीत काहीतरी किंचित बदललेले असते. खेळाडूला चालणे आणि पाहणे याखेरीज फारसे काही करता येत नाही. २०१५ मध्ये हा खेळ विक्रेत्या संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आला, तरी नंतरच्या अनेक भयखेळांवर त्याचा ठसा राहिला. हा चकवाच आहे. जपानी कल्पकतेने घडविलेला हा बोळ आणि नगरच्या रानातील बांध यांत रचनेचा फरक नाही. एकाने दुसऱ्यापासून काही घेतले असे येथे सुचवायचे नाही. ओळखीचे परके होणे हे भयाचे मूळ सर्वत्र सारखे असते, एवढेच यातून दिसते. परक्या संस्कृतीच्या अनुकरणाचा आक्षेप येथे बराचसा निष्प्रभ होतो.

जिल्ह्यातील विभाव

वातावरणासाठी परक्या गावाचे धुके उसने आणण्याची गरज या जिल्ह्याला नाही. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यात थंडगार पाण्याने वेढलेले मोठे शिवलिंग आहे. त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड उरला आहे. तो कोसळेल तेव्हा जगाचा अंत होईल, अशी लोककथा आहे. नगर शहराजवळच्या डोंगरावरील सलाबतखानाची कबर लोकांच्या तोंडी ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून आहे. मृत्यूची वास्तू महाल म्हणून ओळखली जावी आणि तीही दुसऱ्याच व्यक्तीच्या नावाने, यात एका भयकथेचे बीज आहे.

शनिशिंगणापूरचे उदाहरण याहून वेगळे आणि अधिक महत्त्वाचे आहे. भयखेळाचा प्राण बंद दारात असतो. या गावात घरांना दारे न लावण्याची परंपरा प्रसिद्ध आहे, कारण चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतो अशी तेथील श्रद्धा आहे. एका ठिकाणी दार आहे म्हणून भय आहे; दुसऱ्या ठिकाणी भय आहे म्हणून दार नाही. पहिले भय मानलेले, दुसरे श्रद्धेचे. हा भेदच अंधश्रद्धेच्या आक्षेपाचा निवाडा करण्यास उपयोगी पडतो.

भय, श्रद्धा आणि कायदा

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. ही पार्श्वभूमी असलेल्या राज्यात भुतांच्या खेळाविषयी सावध राहणे योग्यच आहे. परंतु या कायद्याचा रोख पाहिला पाहिजे. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, पिशाच्चाच्या नावाने दहशत निर्माण करणे, चमत्काराच्या दाव्याने फसविणे यांना तो शिक्षा सांगतो. त्याचा विरोध शोषणाला आहे, कथेला नाही.

या कसोटीवर भयखेळ पाहता त्यात भयाचा उतारा विकणारा मध्यस्थ नसतो. खेळाडूने भय स्वेच्छेने पत्करलेले असते आणि एक कळ दाबून ते संपविता येते. ज्या बाईवर चेटकीण असल्याचा आळ येतो तिच्याजवळ अशी कळ नसते. भय कसे घडविले जाते हे जो आतून पाहतो, त्याला उद्या कोणी धूर, अंधार आणि आवाज यांच्या साहाय्याने घाबरवू पाहिले तर ती रचना ओळखू येण्याची शक्यता वाढते. अर्थात ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी जाहिरात करून भूत खरेच असल्याचे भासविणारे खेळ या समर्थनास पात्र नाहीत. मानलेले आणि मानायला लावलेले यांतील रेषा तेथे पुसली जाते.

निष्कर्ष

२०२४ मध्ये नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. पहाटे पायाखाली कारीट चिरडून नरकासुराचा वध करणारी आपली परंपरा भयावर विजय मिळविते. ‘राजी’ त्याच वाटेने जाते. चकव्याची कथा विजय मिळवीत नाही. ती माणसाला भयासोबत रात्र काढायला शिकविते. उत्तम भयखेळ ही दुसरी वाट चालतात, आणि मराठीतील ही वाट आज अधिक दुर्लक्षित आहे. पोथी छापलेली आहे, ती टिकेल. चकव्याच्या कथा मात्र ज्यांच्या स्मरणात आहेत ती पिढी मावळत आहे, आणि रानवाटांवर विजेचे दिवे आले आहेत.

म्हणून विद्यार्थ्याच्या हातातील भयखेळाकडे केवळ कालापव्यय म्हणून पाहणे अध्यापकाला परवडणारे नाही. मराठी विभागाने गावोगावच्या चकव्याच्या कथा, त्यांतील स्थळे आणि नियम यांसह नोंदवून घ्याव्यात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांतून एखादा बांध, एखादी विहीर पडद्यावर उभी करावी. दिवाळीच्या सुट्टीत माती कालवून किल्ला उभा करणाऱ्या मराठी मुलाला जग रचण्याची कला मुळातच अवगत असते. त्या किल्ल्याभोवती रात्र कशी पडते, हे सांगणारा खेळ मात्र अद्याप घडावयाचा आहे.