‘५० टक्के जास्त’, पण कशापेक्षा?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक पेपर गटासमोर मांडला आणि ठोकून दिलं, “समुद्रावरचा ५० टक्के ओझोन हॅलोजन खातात.” मागून एका सिनियरने विचारलं, “५० टक्के कशाच्या?” मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर हा प्रसंग स्वतःवर येऊ देऊ नका, म्हणून त्याच पेपरबद्दल लिहितेय.

पेपर २००८चा, ‘नेचर’मधला, रीड आणि सहकाऱ्यांचा. जागा केप व्हर्दे, उष्णकटिबंधीय अटलांटिकमधली बेटं. तिथे त्यांनी ब्रोमीन मोनॉक्साइड आणि आयोडीन मोनॉक्साइड हे वायू आठ महिने मोजले. दिवसाची कमाल पातळी सरासरी अनुक्रमे २.५ आणि १.४ पीपीटी. एक पीपीटी म्हणजे एक लाख कोटी रेणूंत एक! एवढासा वायू ओझोनचं काय वाकडं करणार? पण आयोडीनचा अणू ओझोन फोडतो, पुढच्या अभिक्रियांत मोकळा होतो आणि पुन्हा कामाला लागतो.

मोजणी मला फार आवडते. असे वायू नळीतून खेचले तर ते नळीच्या भिंतीलाच चिकटतात किंवा वाटेत संपतात. म्हणून इथे नमुना घेतलाच नाही. समुद्रापासून सुमारे १० मीटर उंचीवरून प्रकाशझोत पाठवून परत आणला, एकूण वाट जवळपास १२ किलोमीटर. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश शोषतो. त्या खुणांवरून प्रमाण काढलं.

आता ते ५० टक्के. दिवसभरात ओझोन जेवढा घटला, ती घट हॅलोजन न धरणाऱ्या जागतिक मॉडेलच्या घटीपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त निघाली. म्हणजे अर्धा ओझोन गायब झाला नाही. मॉडेलचा हिशेब कमी पडला. लेखकांनी हे नीट लिहिलंय. घाईत वाचणारी मी होते.

तरी दोन शंका ठेवाच. झोत १० मीटरवर होता. वरच्या थरांत हे वायू किती, हे गृहीत धरावं लागतं. आणि एका बेटावरून सगळ्या खुल्या समुद्राबद्दल बोलणं ही झेप आहे. व्यापारी वारे तिथे मोकळ्या समुद्रावरची हवा आणतात, म्हणून ती पटते, पण झेप ती झेपच.

आयोडीन येतं कुठून, याचं मोठं उत्तर २०१३ला कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी दिलं: ओझोन पाण्यातल्या आयोडाइडशी अभिक्रिया करतो आणि आयोडीन हवेत सुटतं. पण पुण्याच्या आयआयटीएमच्या संशोधकांनी हिंदी आणि दक्षिणी महासागरात जहाजावरून मोजलं, तेव्हा या मार्गाने काढलेला अंदाज मोजमापांशी नीट जुळला नाही. काम अजून शिल्लक आहे, कदाचित तुमच्यासाठीच.

तोवर कुठलाही आकडा दिसला की तीन रकाने आखा: मोजलं काय, गृहीत काय, तुलना कशाशी. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो आकडा कुणाला सांगू नका.