पुस्तिकेतील मृतकाल

गायगर-म्युलर नळीचा मृतकाल काढण्याचा ‘दोन स्रोतांचा’ प्रयोग महाविद्यालयांच्या अनेक प्रात्यक्षिक-पुस्तिकांत चार ओळींत उरकलेला असतो. पहिला स्रोत ठेवून मोजा, दुसरा ठेवून मोजा, दोन्ही एकत्र मोजा आणि सूत्रात आकडे घाला. कल्पना सुरेख आहे. एक कण नोंदवल्यावर नळी साधारण १०० मायक्रोसेकंद ‘बहिरी’ होते. म्हणून एकत्र मोजणी दोन स्वतंत्र मोजण्यांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. परंतु स्रोत किती प्रबळ हवा आणि किती वेळ मोजायचे, याविषयी पुस्तिका गप्प!

हिशेब करून पाहू. प्रत्येक स्रोताचे सेकंदाला १०० कण नळीत शिरतात आणि आपण १०० सेकंद मोजतो. नोंदी होतील सरासरी ९,९०१, ९,९०१ आणि एकत्र १९,६०८. तफावत १९४. पण किरणोत्सार यादृच्छिक असल्याने प्रत्येक नोंद तिच्या वर्गमुळाइतकी मागेपुढे होते. तिन्ही मिळून तफावतीतील अनिश्चितता येते १९८! सहा विद्यार्थ्यांत एखाद्याचा मृतकाल चक्क ऋण येईल. त्याने तो प्रामाणिकपणे वहीत लिहिला, तर गुण जातात. शेजाऱ्याचे ‘१०० मायक्रोसेकंद’ उतरवणाऱ्याचे मात्र राहतात. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे. स्रोत नळीजवळ आणून मोजणी दहापट केली, तर हीच अनिश्चितता सुमारे ४ टक्क्यांवर येते. (दुसरा स्रोत ठेवताना पहिला तसूभरही हलता कामा नये, हेही पुस्तिकेने सांगायला हवे.)

दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. मृतकाल हा जणू केवळ नळीचाच गुण, असे पुस्तिका मानते. आता गणित्र संगणकाला जोडलेले असते. स्पंदाचे अंकांत रूपांतर, वाचन, साठवण, या प्रत्येक पायरीवर दार काही काळ बंद असते. मग नोंदी कमी पडल्या, तर चोर कुठे शोधायचा? स्रोत हळूहळू जवळ आणावा. नोंदी सेकंदाला १,००० च्या आसपास अडून राहिल्या, तर एका नोंदीमागे सुमारे १ मिलिसेकंद जातो आहे. १०० मायक्रोसेकंदांच्या नळीला ही मर्यादा एवढ्या लवकर येणार नाही. खात्रीसाठी, स्रोत चालू असतानाच नळीच्या पुढील मंडलात स्पंदजनकाचे वेगळे ओळखू येतील असे स्पंद सोडावेत. १,००० सोडले आणि ८०० नोंदले गेले, तर यंत्रणा एकपंचमांश वेळ बंद होती. संशोधन-प्रयोगशाळांत ही तपासणी नित्याची आहे आणि एका तासिकेत ती आपल्या विद्यार्थ्यांनाही करता येते.