शेवटच्या विकेटनंतरचे बाळू पालवणकर

खेळाडूचं चरित्र बहुतेक वेळा त्याच्या शेवटच्या सामन्यापाशी थांबतं. पुढची तीस-चाळीस वर्षं दोन ओळींत उरकली जातात: अमुक ठिकाणी नोकरी केली, तमुक साली वारले. रामचंद्र गुहा यांचं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) हे पुस्तक मला मोठं वाटतं ते तिथे न थांबल्यामुळे. पुस्तक भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासाचं आहे. वंश, जात, धर्म आणि राष्ट्र अशा चार भागांत ते उभं राहतं. पण वाचून झाल्यावर मनात घर करून राहतो तो एक माणूस, पालवणकर बाळू. आणि तो राहतो तो केवळ गोलंदाज म्हणून नाही.

पालवणकर घराण्याचं मूळ कोकणातलं पालवण. चर्मकार समाजातलं, लष्कराच्या चाकरीशी बांधलेलं हे कुटुंब. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला आणि पुण्यात ते वाढले. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. काम तेच, शिवाय सरावाची जाळी उभारायची. फावल्या वेळात जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजांना चेंडू टाकायचे. डावखुरी फिरकी तिथे घडली. गुहा या भागात घाई करत नाहीत. झाडू, रोलर, चुन्याची रेघ, जाळी, मग चेंडू अशी एकेक वस्तू ते बाळूंच्या हातात देत जातात. त्या हातांत बॅट येत नाही, तासन्‌तास गोलंदाजी करणाऱ्या या मुलाला जाळीत फलंदाजी कुणी देत नाही, आणि लेखक या गोष्टीवर भाष्य न करता पुढे सरकतो. भाष्य केलं असतं तर त्या न दिलेल्या बॅटचं वजन कमी झालं असतं.

पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानात ते संघाचे, चहाच्या वेळी तंबूबाहेरचे. बाकीच्यांना कपबशी, त्यांना मातीचं भांडं. जेवायला वेगळं पान. हे प्रसंग अनेकांनी सांगितलेले आहेत. मला इथे गुहांच्या मांडणीतला क्रम महत्त्वाचा वाटतो. ते आधी सामना सांगतात, विकेट सांगतात, यष्टिरक्षकाकडून गोलंदाजाकडे आणि गोलंदाजाकडून स्लिपमध्ये फिरणारा चेंडू दाखवतात, आणि मग चहाकडे येतात. त्यामुळे वाचकाच्या लक्षात येतं की तोच चेंडू सगळ्यांच्या हातांतून दिवसभर गेला आहे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. इतकं स्पष्ट दिसत असताना खेळणाऱ्यांना ते दिसलं नसेल का, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारायचा.

पुढे बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ चा फेब्रुवारी, हिंदू विरुद्ध युरोपियन सामना. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदूंचा १०९ धावांनी विजय, बाळूंचे सामन्यात आठ बळी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले, प्रत्येकी १८.८४ धावांत. भाऊ शिवरामही त्या संघात होता. परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला, आणि त्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचं नाव जोडलं जातं. हा प्रसंग गुहा जणू सहज सांगून जातात. त्याची किंमत पुढच्या पानांत कळते.

हिंदू संघाच्या कर्णधारपदाचा इतिहास या पुस्तकाइतका सविस्तर मी दुसरीकडे वाचलेला नाही. बाळू या संघाचे कर्णधार कधी झाले नाहीत. १९२० सालच्या मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत आधी त्यांना संघातूनच वगळलं. संघाचे नेमलेले कर्णधार पै उपलब्ध नव्हते तेव्हा बाळूंचे भाऊ विठ्ठल किंवा शिवराम यांना डावलून देवधर या फलंदाजाकडे नेतृत्व गेलं, आणि दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून माघार घेतली. मग वाद पेटला, तडजोड झाली. अंतिम सामन्यात भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै काही वेळ मैदान सोडून गेले, म्हणजे तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवावा. मला हा प्रसंग सबंध पुस्तकातला सर्वांत अवघड वाटतो. पैंनी जे केलं त्यात माणुसकी आहेच. पण पंचवीस वर्षांच्या गोलंदाजीच्या बदल्यात मिळालेलं हे तात्पुरतं कर्णधारपद वाचताना आनंद होत नाही. गुहा दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगतात. वाचकाने पैंवर रागवावं की त्यांचे आभार मानावे, हे ते ठरवून देत नाहीत. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कर्णधार झाले, हिंदू जिंकले, आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

इथे एखादा लेखक थांबला असता, आणि गोष्ट गोड झाली असती.

आमच्या दापोलीजवळच्या बुरोंडीच्या बाजूला भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात खेळपट्टी तयार होते. तिथे पोरं ज्या ताकदीने खेळतात ती पाहिली की वाटतं, यांचं पुढे काय होणार? पुढे बहुतेक जण मुंबईला चाकरमानी होतात किंवा होडीवर जातात. खालच्या पायरीवर खेळणाऱ्या प्रत्येकाचं जगभर हेच आहे. इंग्लंडमधल्या लहान फुटबॉल क्लबांचे जुने खेळाडू दुकान टाकत, खाणीत उतरत. आर्थर व्हार्टन यांचंच पाहा. १८६५ साली आक्रा इथे जन्मलेले, पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून ओळखले जाणारे, रॉदरहॅम टाउन आणि स्टॉकपोर्ट काउंटीचे गोलरक्षक. १९३० मध्ये ते वारले तेव्हा यॉर्कशायरमधल्या एडलिंग्टनच्या कोळसाखाणीत काम करणारे मजूर होते. थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९९७ मध्ये. बाळू आणि व्हार्टन एका पिढीचे. पण बाळूंच्या उत्तरायुष्यात जे घडलं ते वेगळ्याच वाटेने गेलं, आणि गुहांच्या पुस्तकाचा कस तिथे लागतो.

बाळू राजकारणात आले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर इतर नेत्यांबरोबर पी. बाळू अशीही सही आहे. गांधीजींच्या उपोषणाच्या त्या दिवसांत दलित नेते एम. सी. राजा यांच्याबरोबर ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे होते. पुढे मुंबई महापालिकेची निवडणूक हिंदू महासभेच्या तिकिटावर लढवली आणि हरले. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबई विधानसभेसाठी उभं केलं, ते थेट डॉ. आंबेडकरांसमोर. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५.

गुहांच्या पुस्तकात एव्हाना वाचकाला आकडे वाचायची सवय झालेली असते. त्यामुळे हेही धावफलकासारखं डोळ्यांपुढे येतं: २,०२० चा फरक. पण क्रिकेटच्या आकड्यांत एक प्रामाणिकपणा असतो, विकेट पडली की पडली. या मतांत काँग्रेस आहे, महार आणि चर्मकार समाजांमधलं अंतर आहे, गांधी आणि आंबेडकर यांच्यातला न मिटलेला वाद आहे. आणि वर ते मानपत्र आहे, पंचवीस वर्षांपूर्वीचं. ज्या तरुणाने या माणसाचा गौरव केला, तोच आता समोर उभा आहे. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, लहानपणीची काही वर्षं दापोलीत गेलेली, वडील रामजी लष्करातले. पालवण आणि आंबडवे, दोन्ही कोकणातली. दोन्ही घरांना लष्कराच्या छावणीने वर येण्याची पहिली वाट दिली. आम्हा दापोलीकडच्या वाचकांनी तरी ही निवडणूक घरातल्या दोन माणसांमधली म्हणून वाचायला हवी.

मला या प्रकरणात गुहांचा संयम आवडतो, आणि तिथेच थोडी तक्रारही आहे. संयम असा की ते बाळूंना चुकीच्या बाजूचे म्हणून टाकत नाहीत. आज आंबेडकरांचं मोठेपण इतकं उघड आहे की त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला प्रत्येक दलित उमेदवार आपल्याला कुणाच्या तरी हातातलं बाहुलं वाटतो. बाळूंना तसं म्हणणं अन्यायाचं आहे. हिंदू संघात राहून, आतून, चहाच्या भांड्यापासून उपकर्णधारपदापर्यंत आलेला हा माणूस होता. एकाच समाजात राहून दार उघडता येतं हा त्याचा अनुभव होता, त्याने स्वतःच्या खांद्याने कमावलेला. आंबेडकरांचा अनुभव वेगळा होता आणि त्यांचा निष्कर्षही. मला स्वतःला आंबेडकरांचा निष्कर्ष अधिक खरा वाटतो. ते दार किती वेळ उघडं राहिलं हे १९२० च्या त्या अंतिम सामन्यातच दिसलेलं आहे. तरी बाळूंची सही ही भोळेपणाची सही नव्हती.

तक्रार अशी की बाळूंचा स्वतःचा आवाज आपल्याला फार थोडा ऐकू येतो. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं नाही. गुहांच्या हाती आली ती वर्तमानपत्रं, धावफलक, आणि धाकट्या भावाचं मराठी पुस्तक: विठ्ठल पालवणकरांचं ‘माझे क्रीडा-जीवन’, १९४८ साली प्रसिद्ध झालेलं. या पुस्तकाशिवाय गुहांचं हे कथन उभं राहिलं नसतं. इंग्रजी कागदपत्रांत पालवणकर हे फक्त नाव आणि आकडा असतात. घर, भावांचं एकमेकांशी नातं, अपमान गिळण्याची आणि एक दिवस न गिळण्याची रीत मराठी पुस्तकातून येते. इतिहासकाराने हे ऋण उघडपणे मान्य केलेलं आहे, आणि त्यामुळे वाचकालाही मूळ पुस्तकाची ओढ लागते.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी गेले. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, म्हणजे कसोटीच्या यादीत त्यांना जागा मिळायचा प्रश्नच नव्हता. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, इतकं नोंदींत आहे. गुहांचं पुस्तक वाचलेल्या माणसाला या आकड्यांच्या शेजारी १३,२४५ आणि ११,२२५ हेही लिहून ठेवावंसं वाटतं, आणि विठ्ठलरावांचं पुस्तक शोधून मुळापासून वाचावंसं वाटतं.