छोटं टर्बो पेट्रोल इंजिन : तपशील वाचायचा कसा, तक्रार मोजायची कशी?

पीएच.डी. करतोय म्हटल्यावर भडगावात लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "संपणार कधी?" दुसरा, "बरं, हे टर्बो पेट्रोल घ्यावं का?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं उत्तर शोधताना मात्र संशोधनपद्धतीचा अख्खा धडा हाती लागतो, आणि तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताहेत त्यांना तो वर्गात मिळेलच असं नाही. म्हणून हा लेख. सेकंड-हँड गाडीत चार-पाच लाख घालणारा माणूस ज्या मजकुरावर विसंबतो, त्याची ही चिकित्सा आहे. तो मजकूर साधारण एकाच साच्याचा असतो : वर तपशिलाचा तक्ता, खाली 'नेहमी येणारे प्रॉब्लेम' आणि शेवटी 'घ्या' किंवा 'घेऊ नका'.

आधी तक्ता बघू. उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. चाकणच्या कारखान्यातून येणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांतलं १.० टीएसआय इंजिन. तीन सिलिंडर, ९९९ सीसी, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं. ताकद ११५ पीएस, टॉर्क १७८ न्यूटन-मीटर, आणि तोही १७५० आरपीएमपासून. हे आकडे खरे आहेत. पण ते इंजिनावर किती ताण आहे हे सांगत नाहीत. तो तुम्हाला काढावा लागतो.

काढणं सोपं आहे. टॉर्कला १२.५७ ने गुणा आणि लिटरमधल्या क्षमतेने भागा. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं, शंभराने भागलं की बार. याला बीएमईपी म्हणतात, म्हणजे पिस्टनवर पडणाऱ्या सरासरी उपयुक्त दाबाचं माप. १.० टीएसआयचं उत्तर येतं सुमारे २२.४ बार. रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या १.२ टर्बोचं (११९९ सीसी, १७० न्यूटन-मीटर) १७.८. आणि मारुतीच्या साध्या, बिनटर्बोच्या १.२ लिटर इंजिनाचं (११९७ सीसी, ११३ न्यूटन-मीटर) ११.९.

आता हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा. तक्त्यात तिन्ही गाड्या 'एक-सव्वा लिटर पेट्रोल' याच रांगेत बसतात. पण एकीचा पिस्टन दुसरीच्या जवळपास दुप्पट दाब झेलतोय. याचा अर्थ टीएसआय कमजोर आहे असा नाही. त्याचे भाग त्या दाबासाठीच बनवलेत. अर्थ एवढाच की चुकीला जागा कमी आहे. ऑइल उशिरा बदललं, कूलंट कमी झालं, भेसळीचं पेट्रोल गेलं, तर जुनं साधं इंजिन कुरकुरत का होईना चालत राहतं. याचं तसं नाही.

दुसरी गोष्ट तक्त्यात अजिबात नसते : हे आकडे कुठल्या हवेत मोजले? इंजिनाची निव्वळ ताकद मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रमाण तापमान २५ अंश सेल्सिअस धरतात, आणि पेट्रोल इंजिनाची चाचणी १५ ते ३५ अंशांच्या आत व्हावी लागते. मायलेजचंही तेच. आपल्याकडे 'एआरएआयचं मायलेज' म्हणून जो आकडा शोरूममध्ये फेकतात तो रोलरवर, ठरलेल्या चक्रात, ९० किलोमीटर वेगाच्या आत आणि साधारण २० ते ३० अंशांच्या खोलीत मोजलेला असतो. मे महिन्यातलं जळगाव-भुसावळ तुम्हाला माहीत आहे. पारा ४५ च्या आसपास. म्हणजे गिरणाकाठचा उन्हाळा त्या चाचणीच्या चौकटीतच बसत नाही! कंपनी खोटं बोलत नाही, आपणच आकडा त्याच्या हद्दीबाहेर वापरतो. प्रबंधात यालाच 'एक्स्ट्रापोलेशन' म्हणतात आणि व्हायव्हात परीक्षक यावरच पकडतात.

फरक किती पडतो? कागद घ्या. टर्बो हवेचा दाब दुप्पट करतोय आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरा. २५ अंशांची हवा आत गेली तर बाहेर पडताना ती सुमारे ११८ अंशांची होते. ४५ अंशांची आत गेली तर सुमारे १४५. पुढे इंटरकूलर यातली वाढ ७० टक्के कमी करतो असं धरलं, तर सिलिंडरकडे जाणारी हवा पहिल्या वेळी ५३ अंश आणि दुसऱ्या वेळी ७५ अंश. हवा साधारण सहा टक्के विरळ झाली, हा किरकोळ भाग. महत्त्वाचं हे की २२ अंश गरम मिश्रण लवकर नॉक करतं, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि ठोके बसतात. ते टाळायला इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो. मग ताकद घटते आणि एग्झॉस्ट आणखी तापतो. (१.० टीएसआयचा इंटरकूलर पाण्याने थंड होतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलाय, त्यामुळे त्याचं गणित थोडं वेगळं होईल. पण दिशा हीच.) "उन्हाळ्यात एसी लावून चाळीसगावकडे निघालं की गाडी ओढत नाही" या तक्रारीतला बराच भाग बिघाड नाही, भौतिकशास्त्र आहे.

आता खालचा भाग, म्हणजे प्रॉब्लेमची यादी. इथे माझा आक्षेप जास्त तीव्र आहे.

पहिलं म्हणजे नावांचा घोळ. 'टीएसआयचे प्रॉब्लेम' म्हणून जे सांगितलं जातं त्यात दोन वेगळी इंजिनं एकत्र कोंबलेली असतात. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटर, चार सिलिंडरचं, टायमिंग चेनचं इंजिन होतं आणि त्याला सात गिअरचा डीएसजी जोडलेला होता. २०२० मध्ये बीएस-सिक्सबरोबर पोलोत आलेलं १.० टीएसआय वेगळ्या घराण्यातलं आहे : तीन सिलिंडर, टायमिंग बेल्ट, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. पहिल्यातल्या चेनच्या आणि डीएसजीच्या तक्रारी दुसऱ्याच्या माथी मारायच्या, हे म्हणजे थोरल्या भावाच्या मार्कांवर धाकट्याला नापास करणं. नमुना कुठल्या गटातला, हे ठरल्याशिवाय मोजायला बसू नये.

दुसरं, लक्षण आणि कारण. २०२१ मध्ये कुशाक बाजारात आली आणि सुरुवातीच्या काही गाड्यांत ईपीसीचा दिवा लागून ताकद जाण्याचे प्रकार झाले. लोकांनी निकाल दिला : "टर्बो गेला." प्रत्यक्षात दोष इंधन पंपाशी निघाला आणि कंपनीने सुधारित पंप बसवून द्यायला घेतले. टर्बोचा काही संबंध नव्हता. पण 'टर्बो गाडी बंद पडली' हे वाक्य 'टर्बोमुळे बंद पडली' असं व्हायला आपल्याकडे एक चहा पुरतो.

तिसरं, भाजक. समजा अ गाडीच्या ४० तक्रारी तुम्हाला सापडल्या आणि ब च्या १५. अ वाईट? अ एक लाख विकली असेल आणि ब दहा हजार, तर प्रमाण ०.०४ टक्के विरुद्ध ०.१५ टक्के होतं, आणि निकाल उलटतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या सक्तीच्या रिकॉलच्या नियमांतसुद्धा तक्रारींचा उंबरठा वार्षिक विक्रीशी बांधलाय. सरकारी नियमाला जे सुचतं ते यादी करणाऱ्याला का सुचू नये? शिवाय ६० हजार किलोमीटर बिनतक्रार चाललेली गाडी हीसुद्धा नोंद आहे. तिला सेन्सर्ड डेटा म्हणतात. ती यादीत कधीच येत नाही, कारण तिचा मालक काही बोलतच नाही.

चौथं, वेळ. फोर्डचं १.० इकोबूस्ट आठवा. २०१३ मध्ये इकोस्पोर्टबरोबर ते आपल्याकडे आलं. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' त्यालाच मिळालं. याचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी, कल्पना सुंदर. पण चुकीचं ऑइल किंवा उशिरा बदललेलं ऑइल त्या बेल्टचं रबर खातं, त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो. पुढे ऑइल पंप फिरवणाऱ्या बेल्टच्या टेन्शनरसाठी फोर्डने २०२३ च्या शेवटी अमेरिकेत सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या. मग परीक्षक चुकले का? मला नाही वाटत. त्यांनी नवं इंजिन मोजलं, आठ वर्षं वापरलेलं नाही. आपण मात्र बक्षीस टिकाऊपणाचं समजून बसलो. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे अशी गाडी कुणी स्वस्तात दाखवली तर मीटरआधी ऑइल बदलल्याची बिलं मागा.

एवढी टीका केल्यावर चांगलं कामही दाखवलं पाहिजे. कमी आरपीएमला जोर दिला की काही टर्बो इंजिनांचे पिस्टन फुटत. कधी फुटतील याचा नेम नाही, प्रयोगात पकडणं अवघड. याला एलएसपीआय म्हणतात : ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणं. संशोधकांनी 'पिस्टन का फुटला' हा प्रश्न मोजता येईल असा केला : ठरावीक हजार चक्रांत अशा घटना किती? मग एकेक गोष्ट बदलत गेले आणि बोट ऑइलकडे वळलं. ऑइलमधला कॅल्शियमचा डिटर्जंट घटना वाढवत होता. तिथे काही भाग मॅग्नेशियम आणल्यावर त्या घटल्या. २०१८ चा एपीआय एसएन प्लस आणि २०२० चा एसपी हे दर्जे यातूनच आले. चाचणीसाठी इंजिन कुठलं? फोर्डचंच दोन लिटरचं इकोबूस्ट. डब्यावरची ती दोन अक्षरं म्हणजे अनेक वर्षांचं काम आहे. गॅरेजवाला "कुठलंही चालतं हो" म्हणाला तरी डबा फिरवून बघा.

याच रांगेत झडपांवरच्या काजळीचा मुद्दा येतो, तो पटकन सांगतो. थेट फवारणीत पेट्रोल इनटेक झडपेवरून वाहत नाही, त्यामुळे झडप धुतली जात नाही. नेक्सॉनचं इंजिन झडपेच्या मागे फवारतं, तिथे हा त्रास फारसा नाही. म्हणजे 'टर्बोमुळे काजळी' हेही चूक. कारण फवारणीची जागा आहे. आणि ई-२०? इथेनॉलमुळे नॉक कमी होतो, ही टर्बोच्या बाजूची गोष्ट. लिटरमागे ऊर्जा साधारण सात टक्के कमी, ही खिशाच्या विरुद्ध. जुन्या गाड्यांचे रबरी भाग हा तिसराच विषय, त्यावर स्वतंत्र लिहीन.

तुमच्यापैकी कुणाला यात प्रकल्प दिसत असेल तर प्रबंधांच्या ढिगात अजून एक २५ अंशांचं सिम्युलेशन टाकू नका. ओबीडी रीडर घ्या. मे महिन्यात पाचोरा-भडगाव-चाळीसगाव रस्त्यावर एकाच गाडीची इनटेक हवेची नोंद (पीआयडी ०एफ) सकाळी सहाला आणि दुपारी तीनला घ्या, वेग आणि भार शक्य तितका सारखा ठेवून. सुरुवात करण्याआधी सेन्सर इंटरकूलरच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते मात्र गाडीच्या मॅन्युअलमधून नक्की करून घ्या.